मागे राहिलेली चित्रे



घरातले लेकरू देवाघरी गेले की भेटायला येणारे नातेवाईक हमखास सांगतात, "त्याच्या वस्तू नजरेआड करा, आईला त्रास होतो." सल्ला मायेचाच असतो. पण कपड्यांबरोबर त्याची चित्रकलेची वहीही रद्दीत जाते आणि ती पुन्हा मिळत नाही. इथे घाई नको.

केरळातल्या कोची शहरात जोसेफ आणि चिन्नम्मा या दांपत्याला 19 मे 1976 रोजी मुलगा झाला, एडमंड थॉमस क्लिंट. मूत्रपिंडाच्या आजाराने 15 एप्रिल 1983 रोजी तो वारला. सातवा वाढदिवस महिन्याभरावर होता. एवढ्या आयुष्यात त्याने 25,000 वर चित्रे काढली असे सांगतात. जन्मल्या दिवसापासून मोजले तरी रोजची दहा! आईवडिलांनी ती चित्रे जपली, लोकांसमोर मांडली. त्याच्या नावाने मुलांच्या चित्रकला स्पर्धा भरू लागल्या. 2017 साली त्याच्यावर मल्याळम चित्रपटही आला. म्हणून त्या दोघांचे दुःख संपले असे मात्र कोणी समजू नये.

आपल्या वाशिमकडच्या लेकराच्या वहीत काय असते? बैलजोडी, सोयाबीनचे शेत, नाताळचा गोठा. त्याला कधी बक्षीस मिळालेले नसते. तरीही तो हात त्याचाच आहे, आणि आईबापाला तेवढे पुरे.

लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू रडला. तेव्हा वही उघडून रडणाऱ्या आईला "तुझी श्रद्धा कमी पडते" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. कधी बापाला वही पाहायची असते आणि आईला ती समोरही नको असते. दोघांपैकी कोणी चुकत नाही. अशा वेळी ती शेजाऱ्याकडे किंवा मामाकडे ठेवावी, पण फेकू नये. धाकट्या भावंडाने तेच रंग मागितले तर जरूर द्यावेत. फक्त "आता तू दादासारखी चित्रे काढ" असे त्याला सांगू नये.

पावसाळ्यात पेटीत ओल धरते, कागदाला कसर लागते. वही कोरड्या कापडात गुंडाळून उंचावर ठेवा आणि पानांचे फोटो काढून ठेवा. प्रत्येक चित्रामागे शिसपेन्सिलीने तारीख, वय आणि त्याने चित्राबद्दल काय सांगितले होते ते लिहा. हे काम आईला जमत नसेल तर तिने सांगावे, मावशीने लिहून घ्यावे.