सरड्यालाही हिवताप होतो!

"डॉक्टरसाहेब, सरड्याला बी हिवताप येतो म्हणं. मग त्यो आपल्याला लागंल का?" येडशीकडच्या एका शेतकरी गृहस्थांनी दवाखान्यात हा प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा बी. एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकतो. त्याने घरी हे सांगितले आणि तेव्हापासून कुंपणावरचा सरडा दिसला की घरची पोरे दगड उचलू लागली. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून आज त्याविषयीच.

मुलाने सांगितले ते खरे आहे. सरडा, पाल, सापसुरळी यांच्या रक्तात परोपजीवी जंतू असतात. डॅनिलेव्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने 1880 च्या दशकातच पक्षी, कासवे आणि सरडे यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते दाखवून दिले होते. माणसाच्या रक्तातला हिवतापाचा जंतू लॅव्हरान यांनी 1880 साली अल्जीरियात पाहिला. तो डासाच्या पोटात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत पाहिले. तेव्हा आपला जिल्हाही निजामाच्याच राज्यात होता, म्हणजे हा शोध तसा आपल्या शेजारचाच. पुढच्या वर्षी कलकत्त्यात डास कसा रोग पसरवतो याचा पूर्ण उलगडा रॉस यांनी केला, तोही माणसांवर नव्हे तर पक्ष्यांवर प्रयोग करून. मुक्या जीवांच्या रक्ताने वैद्यकाला असे बरेच शिकवले आहे.

काचपट्टीवर सरड्याचे रक्त कसे दिसते? आपली तांबडी पेशी गोल, मध्ये दाबलेली आणि केंद्रक नसलेली असते. सरड्याची पेशी भोपळ्याच्या बीसारखी लांबट, आणि तिच्या मधोमध गडद केंद्रक. त्यामुळे नवशिक्याला केंद्रक आणि जंतू यांतला फरक लवकर कळत नाही. हिवतापाच्या जातीचा जंतू असेल तर पेशीत काळपट रंगाचे कण दिसतात. रक्तातले हिमोग्लोबिन खाऊन त्याने टाकलेला तो कचरा असतो. दुसऱ्या एका जातीचा जंतू शेंगेच्या तुकड्यासारखा वाकडा असतो, केंद्रकाला बाजूला ढकलून पेशीत ऐसपैस पडलेला. त्याचा प्रवास मोठा मजेशीर. काही जातींत गोचीड किंवा डास चावून तो सरड्यात जातच नाही. सरडाच तो किडा गिळतो आणि जंतू पोटात घेतो.

सरड्याला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही, पण त्रास होतोच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कुंपणावरच्या सरड्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. जंतू असलेल्या सरड्यांचे हिमोग्लोबिन कमी भरले, ते धावताना लवकर दमले, माद्यांनी अंडी कमी घातली. तिथे हा जंतू डास नव्हे तर वाळूमाशी पसरवते.

आता मूळ प्रश्न. सरड्याचा हिवताप माणसाला होत नाही. हे जंतू आपापल्या यजमानाच्या पेशींना सरावलेले असतात. पण जनावराचा जंतू माणसात कधीच येत नाही, असे मात्र समजू नये. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला काही महिने अधूनमधून ताप येत होता. त्याच्या रक्तात वळवळणारा जंतू सापडला, तो उंट, घोडे आणि गुराढोरांना होणाऱ्या सर्रा रोगाचा! माणसाच्या रक्तात या जंतूला मारणारे एक प्रथिन असते. पुढे तपासात कळले की या शेतकऱ्यात जन्मतःच ते नव्हते. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. गावकऱ्यांचीही तपासणी झाली, पण इतर कोणाच्या रक्तात जंतू दिसला नाही. तापाच्या रोग्याचे रक्त कोणीतरी काचपट्टीवर नीट पाहिले, म्हणूनच हे निदान झाले.

पालीचा खरा धोका रक्तात नाही, विष्ठेत आहे. तिच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात आणि त्यांनी जुलाब, उलट्या, ताप येतो. दूध, भाकरी, पाणी झाकून ठेवा. पोरांनी सरडा हाताळला तर साबणाने हात धुवायला लावा. बाजारात सांधेदुखीवर सांड्याचे वा घोरपडीचे तेल विकणारे बसतात. त्याने गुडघा बरा झालेला मी पाहिलेला नाही, आणि घोरपड मारणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कुंपणावरच्या सरड्यालाही राहू द्या, तो तुमच्या पिकावरचे किडे खातो.

आणि माणसाच्या हिवतापाविषयी. थंडी वाजून ताप आला की मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खाऊ नका. औषध घेण्याआधी रक्ताचा नमुना द्या. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते, आशाताईही करतात. व्हायवॅक्स हिवताप निघाला तर प्रायमाक्विनची गोळी 14 दिवस घ्यावी लागते. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि लोक गोळ्या डब्यात टाकून रानात जातात. जंतू यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी तोच ताप परत येतो. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला मात्र ही गोळी देत नाहीत, आणि गोळी सुरू असताना लघवी काळपट झाली तर ती थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.