ऊतकाचा प्रवास : सामायिक जनुक-प्रयोगशाळा आणि आपले रुग्णालय

आमच्या एका जुन्या देणगीदारांनी दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ जनुकक्रम वाचणारे यंत्र रुग्णालयास देण्याची इच्छा व्यक्त केली. विश्वस्त मंडळाने त्यांचे मनःपूर्वक आभार मानले. परंतु प्रस्ताव स्वीकारला नाही. देणगी नाकारणे धर्मादाय संस्थेला शोभत नाही असे कोणास वाटू शकेल, म्हणून त्यामागील कारणे येथे मांडीत आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय भाग पॅथॉलॉजी विभागाकडून समजून घेऊन लिहिला आहे.

कर्करोग हा मुळात पेशीतील जनुकांत झालेल्या बदलांचा रोग होय. हे बदल ओळखता आले, तर काही वेळा औषधही नेमके निवडता येते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून निर्माण होणाऱ्या प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले आणि त्या रोग्यांचे आयुष्यमानच पालटले.

आता यंत्राचा हिशेब. वाडीकरांसाठी त्याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. अमरावती मार्गावरील आपल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांतून एका पेटीसाठी ट्रक सुटत नाही. अनेक व्यापाऱ्यांचा माल एकत्र भरतात, प्रत्येक नगावर खूण असते आणि बिल्टीवरून ज्याचा माल त्याला पोहोचतो. जनुकक्रमाचे यंत्रही असेच चालते. एका फेरीस लागणारी रसायने व वाचनाची काचपट्टी यांचा खर्च नमुना एक असो वा अनेक, जवळपास तेवढाच येतो. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या डीएनएच्या तुकड्यांना एक लहानसा ओळखक्रम जोडतात, अनेकांचे नमुने एकत्र वाचतात आणि संगणक त्या ओळखक्रमावरून ते पुन्हा वेगळे करतो. आमच्याकडील मोजक्या नमुन्यांसाठी यंत्र घेतले असते, तर रुग्णास ट्रक भरेपर्यंत थांबवावे लागले असते, नाही तर रिकाम्या ट्रकचे भाडे त्याच्या माथी मारावे लागले असते. शिवाय घसारा, देखभालीचा वार्षिक करार, अखंड वातानुकूलन आणि निकालाचा अर्थ लावणारा तज्ज्ञ. यंत्र दानात मिळते. हा खर्च मात्र दरवर्षी उभा राहतो.

संशोधनात तर वाटणीवाचून गत्यंतरच नाही. २००८ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच उपक्रमाने पन्नास प्रकारच्या कर्करोगांतील सुमारे पंचवीस हजार गाठी वाचण्याचे ध्येय ठेवून ते काम निरनिराळ्या देशांत वाटून दिले. भारताने गाल व हिरडी यांचा कर्करोग निवडला. विदर्भातील वाचकास याचे कारण सांगावयास नको. खर्रा आपल्या पानठेल्यांवर रोज घोटला जातो आणि तोंडात तो जेथे दाबून ठेवतात, तेथेच हा रोग बहुधा उद्भवतो. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकसंच संस्था आणि टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील अॅक्ट्रेक ही संस्था यांनी हे काम मिळून केले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात प्रथम ५० आणि पडताळणीसाठी आणखी ६० रुग्णांच्या गाठींचा अभ्यास आहे. टीपी५३, नॉच१ या परिचित जनुकांबरोबरच यूएसपी९एक्स, एआरआयडी२ यांसारख्या जनुकांत वारंवार होणारे बदल त्यातून पुढे आले.

या साऱ्यात लहान रुग्णालयाचा वाटा कोणता? काढलेला ऊतकाचा तुकडा नीट राखणे, इतकाच. आणि तो सोपा नाही. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एका रुग्णाचा तुकडा आमच्याकडे पाच दिवस फॉर्मॅलिनमध्येच पडून राहिला. पुढे त्यापासून तयार केलेला पॅराफिनचा ठोकळा बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला, तेव्हा डीएनएचे इतके बारीक तुकडे झाले होते की वाचन होऊ शकले नाही. रुग्णाची पुन्हा बायोप्सी करावी लागली, उपचार तितके लांबले. दोष सर्वस्वी आमचा होता. त्यांच्या मुलाने मला एकच प्रश्न केला, "साहेब, सुट्टी होती तर कापलं कशाला?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून ऊतक काढल्याची, फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची आणि बाहेर काढल्याची वेळ नोंदवहीत लिहिली जाते. द्रव ऊतकाच्या किमान दहापट असावा, तो आम्लधर्मी होऊ नये म्हणून बफरयुक्तच वापरावा, आणि ऊतक त्यात किमान सहा व कमाल बहात्तर तास राहावे, असा दंडक आहे. सणासुदीच्या आदल्या दिवशी तातडीची नसलेली बायोप्सी ठेवली जात नाही.

नातेवाइकांच्या एका शंकेचाही खुलासा करतो. संशोधनासाठी गाठीसोबत रक्तही का मागतात? जन्मतः असलेले बदल कोणते व गाठीत नव्याने झालेले कोणते, हे त्याच व्यक्तीचे रक्त शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही. रक्तात आनुवंशिक दोष आढळल्यास तो भावंडांशी व मुलांशीही संबंधित असू शकतो. म्हणून संमतिपत्र घाईने भरून घेऊ नये, अशी सूचना कर्मचाऱ्यांना दिली आहे. संशोधनासाठी दिलेल्या नमुन्याचा अहवाल उपचारासाठी मिळेलच असे नाही, हेही सही करण्यापूर्वी स्पष्ट सांगितले जाते. नकार दिल्यास उपचारात तिळमात्र फरक पडत नाही.

उपरोक्त देणगीदारांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि रकमेचा काही भाग ऊतक विभागातील तंत्रज्ञाच्या वेतनासाठी, काही भाग गरजू रुग्णांच्या बाहेरील तपासणीच्या शुल्कासाठी दिला. त्यांच्या पत्नीच्या नावाची पाटी कोठे लावावी, हा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. तूर्त ते नाव नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.