आधी सांगितलेलं बरं

मिरज, मंगळवार

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

परवा दादाची बायपास. काल फोनवर तू तिसऱ्यांदा विचारलंस, "आत्या, हृदय बंद करतात म्हणजे गं काय?" अगं, हे सर्जनना विचार, संकोच कसला? काही ऑपरेशनं धडधडत्या हृदयावरच होतात. नाहीतर तेवढा वेळ हृदय-फुफ्फुसांचं काम यंत्र करतं. १९५३ साली फिलाडेल्फियात डॉ. गिबन यांनी अठरा वर्षांच्या मुलीला असं २६ मिनिटं यंत्रावर ठेवलं आणि ती बरी झाली. धोका नाही असं मी म्हणणार नाही, संमतीपत्रात तो लिहिलेलाच असतो. सही तू करणार असशील तर आदल्या दिवशी बसून वाच, थिएटरच्या दारात नको.

वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये इथं इस्पितळ काढल्यापासून मिरजकरांच्या घरी नातलगांची दुखणी उतरतातच. कितीजणांचे डबे मी पोचवले असतील! पण आमच्या यांना त्यांच्या ऑपरेशननंतर काचेतून पाहिलं आणि माझ्याच पायातलं बळ गेलं. तोंडात नळी, छातीतून नळ्या, चेहरा सुजलेला. मला वाटलं, संपलं. सिस्टर म्हणाली, "छान आहेत की काका!" असंच दिसतं, हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. म्हणून तुला सांगते, आणि तू वहिनीला सांग. "तिला कशाला घाबरवायचं" म्हणून गप्प राहू नकोस. ती मनात याहून वाईट काहीतरी रंगवत बसली असेल.

ऑपरेशनला ठरल्यापेक्षा उशीर झाला म्हणजे बिनसलंच असं नसतं. डॉक्टरांशी एकानंच बोलायचं. मुंबईच्या काकांचे तासातासाचे फोन माझ्याकडे वळव, मी बघते त्यांच्याकडे.

आणि एक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दादा कदाचित भलतंसलतं बोलेल. हे म्हणाले होते, "या लोकांनी मला कोंडलंय, रिक्षा बोलाव." मी तिथंच रडले. तू वाद घालू नकोस, रडू नकोस, लगेच सिस्टरला सांग. बहुतेक वेळा थोड्या दिवसांत निवळतं.

दादाचा चष्मा नाव लिहिलेल्या डबीत आण. हे शुद्धीवर आले तेव्हा समोरचं घड्याळ त्यांना दिसेना, दिवस आहे की रात्र तेही कळेना. चष्मा माझ्या पर्समध्ये होता.

तुझी,
आत्या