पावसाळी तंबूचा ताळेबंद

(बी. कॉम. भाग २)

सुरत म्हटले की मराठी विद्यार्थ्याला ६ जानेवारी १६६४ ही तारीख आठवते. शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले आणि बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर त्यांचा तळ पडला. तळ म्हणजे डेरे, राहुट्या, कनाती. आपले कन्नड मित्रही तंबूला ‘डेरे’च म्हणतात. पण एका गोष्टीकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. ही स्वारी जानेवारीतील होती. त्या काळच्या मोहिमा बहुधा दसऱ्यानंतर निघत आणि पावसाच्या तोंडावर फौजा छावणीला परतत. पावसाळा कापडाखाली काढणे शहाणी माणसे टाळीत. आपण मात्र डोंगर हिरवे होतात म्हणून नेमके आषाढ-श्रावणात पाठीवर तंबू बांधून निघतो. म्हणून तो तंबू कसा निवडावा, याचा थोडा अभ्यास येथे मांडीत आहे.

या अभ्यासाचे कारण सांगितले पाहिजे. गेल्या जुलैत आम्ही सहाजण आंबोलीच्या बाजूला गेलो होतो. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. वर्गणीचा हिशेब माझ्याकडे होता आणि तंबूही मीच आणले होते, सर्वांत हलके आणि सर्वांत स्वस्त. रात्री एकच्या सुमारास एका तंबूची काडी चिरली, छत अंगावर आले आणि शिवणींतून पाणी झिरपू लागले. आमचा एक मित्र इतका गारठला की त्याची जीभ वळेना. अंधारात तासभर चालून आम्ही त्याला एका घरी नेले. तेथील आजींनी त्याला कोरडे कपडे दिले, चुलीपुढे बसवले. तो नीट बोलू लागेपर्यंत कोणीही कोणाशी बोलले नाही. लक्षात ठेवा, थंडी हिमालयातच बाधते असे नाही. ओले अंग आणि वारा एकत्र आले की सह्याद्रीतही जिवावर बेतते.

त्या रात्रीचा सारा दोष मी दुकानदारावर टाकला होता. दिवाळीच्या सुट्टीत सुरतेला मामांकडे गेलो तेव्हा कळले की अर्धा दोष माझ्याच हिशेबाचा होता. मामा उधन्याला मागाच्या कारखान्यात काम करतात. सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातील फार मोठे केंद्र. नायलॉन आणि पॉलिएस्टर यांची पारख त्यांना बोटांनी होते. त्यांनी शिकवलेले आणि मी पुढे वाचलेले असे दोन्ही खाली देतो.

कापड

धाग्याची जाडी ‘डेनिअर’मध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. म्हणजे २० डेनिअरचा ९,००० मीटर धागा अवघा २० ग्रॅम भरतो. हलक्या तंबूचे कापड याच जातीचे असते. असे तलम कापड एकदा फाटले की फाटतच जाते. म्हणून विणताना काही मिलिमीटरच्या अंतराने जाड धागा घालून चौकडी पाडतात. फाट त्या चौकटीपाशी अडते. हे कापड ‘रिपस्टॉप’ नावाने ओळखले जाते.

नायलॉन त्याच वजनात अधिक चिवट. पण ते पाणी पिते आणि भिजल्यावर सैल पडते. संध्याकाळी ताठ उभारलेला तंबू मध्यरात्री लोंबतो, तो यामुळे. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीत नाही आणि उन्हातही अधिक टिकते. आपल्या पावसात नायलॉन घ्यायचे असेल तर झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणण्याची सवय हवी.

पाणी आणि शिवण

कापडावर लिहिलेला १,५०० किंवा ३,००० मिलिमीटर हा आकडा म्हणजे पाऊस नव्हे. कापडावर पाण्याचा तितक्या उंचीचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत येत नाही, असा त्याचा अर्थ. छताला साधारणतः इतके पुरते. पण जमिनीकडच्या कापडाचे काय? ६० किलोचा माणूस गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही गुडघ्यांखालची जागा १२० चौरस सेंटिमीटर धरली, तर दर चौरस सेंटिमीटरवर अर्धा किलो भार येतो. हा दाब पाच मीटर उंच पाण्याइतका! खालची माती मऊ असेल तर तो थोडा पसरतो. तरीही तळाचे कापड छतापेक्षा भक्कम हवे, हे उघड आहे. त्याखाली प्लॅस्टिक अंथरावे, पण ते तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नये; नाहीतर पावसाचे पाणी तेच आपल्याखाली आणून सोडते.

मामांनी माझ्या जुन्या तंबूची शिवण दिव्यासमोर धरली. सुईच्या प्रत्येक भोकातून उजेड दिसत होता. “कापड चांगलंच आहे रे. तू भोकं विकत घेतलीस,” ते म्हणाले. पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या कापडाच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवता येते. ती आहे की नाही ते दुकानातच पाहावे. सिलिकॉनचा लेप अधिक टिकाऊ आणि हलका, पण त्यावर पट्टी धरत नाही. शिवणींवर सिलिकॉनचे लुकण आपल्याला स्वतः लावावे लागते. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू चिकट होऊन सुटतो. म्हणून ओला तंबू पिशवीत कोंबून माळ्यावर टाकणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय.

वारा

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे सव्वाचार किलो भार टाकतो. ताशी ६० चा वारा सुमारे १७ किलो. तंबूची दोन चौरस मीटरची बाजू वाऱ्याकडे असेल तर तिच्यावर ३४ किलोंचे ओझे टेकले असे समजा. फायबरग्लासची काडी अशा वेळी चिरते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची काडी वाकते, पण सहसा दगा देत नाही. तंबू बुटका असावा, बाजू उतरत्या असाव्यात आणि काड्या एकमेकींना छेदून जाणाऱ्या असाव्यात. बाजूंना दोऱ्या बांधण्याच्या जागा किती, हे मोजावे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. तंबूची अरुंद बाजू तिकडे करावी आणि घाटाच्या धारेपासून आत उतरावे. कातळावर खुंट्या शिरत नाहीत, तेथे दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्यात. मेलेल्या झाडाखाली आणि ओढ्याकाठी तंबू कधीच लावू नये.

दुहेरी छत

झोपलेल्या माणसांच्या श्वासाची वाफ थंड छतावर साचते आणि थेंब होऊन अंगावर पडते. आपल्याला वाटते तंबू गळतो. एकेरी तंबू हलका खरा, पण आपल्या दमट हवेत आतल्या जाळीचा आणि बाहेरच्या छताचा असा दुहेरी तंबूच बरा. त्यातही बाहेरचे छत आधी उभारता येईल असा मिळाला तर उत्तम. नाहीतर उभारता उभारताच आतला भाग भिजतो.

जमाखर्च

आता वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून दोन शब्द. माझ्या २,४०० रुपयांच्या तंबूने दोन रात्री काढल्या. म्हणजे रात्रीला १,२०० रुपये. ९,००० रुपयांचा तंबू नीट वाळवून ६० रात्री वापरला तर रात्रीला १५० रुपये. स्वस्त कोणता? वजनाचेही तसेच आहे. दीड किलोच्या आणि दोन किलोच्या तंबूंत अर्ध्या किलोचा फरक. तो अर्धा किलो कोठून कमी झाला, हे विक्रेत्याला विचारावे. तळाच्या कापडातून, काडीतून, की दुसऱ्या छतातून? पिशवीवर फक्त वजन छापलेले असते; ते कशाच्या बदल्यात कमी केले, ही खर्चाची बाजू आपणच लिहायची असते. दोघांच्या तंबूला दोन किलो वजन जड नाही. एकाने कापड घ्यावे, दुसऱ्याने काड्या आणि खुंट्या.

आणि शेवटची सूचना. नवा तंबू प्रथम डोंगरावर उघडू नये. आम्ही यंदाचा तंबू मैदानात उभारून तासभर नळीने पाणी मारले. एका कोपऱ्यात ओल आली. ती शिवण घरीच दुरुस्त केली.

गारठलेला तो मित्र यंदाही बरोबर आला. रात्री पाऊस सुरू झाला तेव्हा मी काही म्हणायच्या आधी तोच बाहेर गेला आणि एकेक दोरी ओढून पाहून आला. सकाळी आमचे अंथरूण कोरडे होते.