गणितातले ९३ आणि फॉर्मवरची तीन कॉलेजे

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीचा निकाल लागला, त्या संध्याकाळी मी लाखनीहून पेढे आणले. मुलीच्या स्कोअरकार्डावर गणितापुढे ९३ होते आणि एकूण ८८. मी धान पिकवणारा माणूस. ८८ म्हणजे बोर्डातले ८८ टक्के, एवढेच मला कळत होते. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, हे टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे." मी ते मनावर घेतले नाही.

पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, रांगेतली जागा. तिच्या सत्रात बसलेल्या दर शंभरातल्या ८८ जणांचे गुण तिच्याइतके किंवा कमी होते, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा बरेच दिवस वेगवेगळ्या सत्रांत होते, पेपरही वेगळे; म्हणून ज्याची त्याची जागा त्याच्याच सत्रात मोजतात. शेजारच्या मुलाची उत्तरे जास्त बरोबर असूनही त्याचे पर्सेंटाइल कमी आले, ते त्यामुळे. पुढे राहिलेले १२ थोडे वाटतात. पण तीन लाख मुले धरली, तर ते ३६ हजार होतात. हा हिशेब मी पेढे वाटून झाल्यावर केला.

दुसरी चूक गणिताची. २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे: ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. म्हणून ते ९३ धरून मी कॉलेजांचे कट-ऑफ पाहत बसलो. पण यादी लागते एकूण पर्सेंटाइलवर, आणि ते तीन विषयांची सरासरी नसते. एकूण गुणांवरून वेगळे काढतात. दोघांचे एकूण सारखे आले, तरच आधी गणित पाहतात.

शिवाय मी प्रवेशाच्या फॉर्ममध्ये तीनच मोठी कॉलेजे भरायला लावली. तुम्ही तसे करू नका. मागच्या वर्षीचा कट-ऑफ शाखा, प्रवर्ग आणि फेरी पाहून वाचा. त्या यादीत जागेच्या कोडच्या शेवटी 'एच' असेल, तर तो होम युनिव्हर्सिटीचा, आमच्या भंडारा जिल्ह्यासाठी नागपूर विद्यापीठाचा. मग मनापासून हवी ती कॉलेजे वर, आवाक्यातली त्यांच्याखाली, आणि नक्की मिळतील अशीही शेवटी भरा. खाली भरलेल्या नावांनी वरच्यांची संधी जात नाही.

पहिल्या फेरीत मुलीला काहीच मिळाले नाही. नागपूरच्या एका कॉलेजात तिला हवी असलेली शाखा तिच्याच प्रवर्गात ८५ ला बंद झाली होती. ते नाव तिने मला सुचवले होते, आणि मीच भरू दिले नव्हते.