सही होण्याआधी ज्याला बोलवायचे, तो वकील

मुलीने कायद्याला जायचे म्हटले की आई-वडिलांच्या मनात पहिली शंका येते ती कोर्टाची. आपली मुलगी चारचौघांत फारशी बोलत नाही, ती न्यायाधीशांसमोर कशी उभी राहणार? शंका काळजीपोटी येते, पण वकिलीतले कितीतरी काम कोर्टाबाहेर चालते, हे पालकांना कुणी सांगितलेलेच नसते. शांतपणे कागद वाचणाऱ्या, तारखा आणि अटी चोख सांभाळणाऱ्या मुलामुलींसाठी मालमत्तेच्या व्यवहारांवरील प्राप्तिकर हे असेच एक क्षेत्र आहे. त्याची ओळख अमेरिकेतल्या एका कलमापासून करून घेऊ.

कलम १०३१ म्हणजे काय?

अमेरिकेत एखाद्याने ४ लाख डॉलरला घर घेऊन भाड्याने दिले. दरवर्षी घसारा धरत त्याची हिशेबातली किंमत ३ लाखांवर आली. आता घर ७ लाखांना विकले, तर ४ लाखांच्या नफ्यावर कर लागतो. पण त्या पैशातून व्यवसायासाठी किंवा गुंतवणुकीसाठीच दुसरी स्थावर मालमत्ता घेतली आणि नियम पाळले, तर कलम १०३१ नुसार तो कर त्या वेळी भरावा लागत नाही. कर माफ मात्र होत नाही. जुन्या घराची ३ लाखांची किंमत नव्या मालमत्तेच्या हिशेबात पुढे जाते आणि ती मालमत्ता विकली की राहिलेला कर समोर येतो. मधेच काही रोख काढून घेतली, तर तेवढ्या भागावर कर लगेच बसतो. स्वतः राहत असलेल्या घराला हे कलम लागू नाही.

ही तरतूद १९२१ पासून अमेरिकी कायद्यात आहे. तिला आजचे रूप एका खटल्यामुळे मिळाले. ओरेगॉनमधील स्टार्कर कुटुंबाने १९६७ साली आपली जंगलजमीन क्राउन झेलरबाख कंपनीला दिली. कंपनीने पाच वर्षांत त्यांच्या पसंतीच्या मालमत्ता घेऊन द्याव्यात, नाहीतर रोख द्यावी, असा करार होता. अदलाबदल एकाच वेळी झाली नाही म्हणून कर खात्याने कर मागितला. १९७९ साली अपील न्यायालयाने अशी लांबलेली अदलाबदलही चालते, असे ठरवले. मग १९८४ मध्ये संसदेने मुदती घातल्या: विक्रीपासून ४५ दिवसांत नवी मालमत्ता लेखी नक्की करायची आणि १८० दिवसांत ताब्यात घ्यायची. २०१८ पासून ही सवलत फक्त स्थावर मालमत्तेपुरती उरली आहे.

वकील नेमके काय करतो?

विक्रीचे पैसे विकणाऱ्याच्या हाती आले की सवलत गेली. म्हणून पैसे एका पात्र मध्यस्थाकडे ठेवावे लागतात आणि ग्राहकाचा नेहमीचा वकील किंवा अकाउंटंट हा मध्यस्थ होऊ शकत नाही. पैसे खात्यात जमा झाल्यावर ग्राहक आला, तर कितीही हुशार वकील त्याला ही सवलत मिळवून देऊ शकत नाही. तोच ग्राहक सह्या होण्याआधी आला, तर कदाचित लाखो डॉलरचा कर पुढे जातो. या पेशाचे मोल त्या आधीच्या सल्ल्यात आहे.

त्या भेटीत वकील बारीकसारीक प्रश्न विचारतो. मालमत्ता कुणाच्या नावावर आहे? घेणारा तोच करदाता असेल ना? भागीदारांपैकी एकाला रोख हवी आणि दुसऱ्याला जमीन, मग रचना कशी करायची? जुने कर्ज किती, नवे किती? तारखांचा तर वेगळाच अभ्यास असतो. १ डिसेंबरला घर विकले तर १८० दिवस मे महिन्याच्या अखेरीपर्यंत जातात. पण कर विवरणपत्राची तारीख १५ एप्रिल असते आणि मुदतवाढ घेतली नाही तर सवलतीची मुदत त्याच दिवशी संपते. हे ज्याला आधी दिसते, त्यालाच लोक फी देतात.

मराठी विद्यार्थ्याचा यात काय संबंध?

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना एक प्रश्न नेहमी पडतो: तिथले भाड्याचे घर विकून पुण्यात फ्लॅट घेतला तर कर वाचेल का? कलम १०३१ खाली वाचत नाही, कारण अमेरिकेतली आणि अमेरिकेबाहेरची स्थावर मालमत्ता कायद्याने एका प्रकारची धरत नाहीत. भारतातही राहते घर विकून दुसऱ्या घरात पैसे गुंतवले तर सवलत आहे, पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर ते नवे घर भारतातच असावे लागते. दोन्ही देशांचे कायदे जाणणारा सल्लागार अशा कुटुंबांना हवाच असतो.

भारतातले कामही कमी नाही. घर विकल्यावर दोन वर्षांत दुसरे घेणे किंवा तीन वर्षांत बांधणे, जमीन किंवा इमारतीच्या नफ्यातले ५० लाखांपर्यंत सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत गुंतवणे, सोसायटीचा पुनर्विकास, वडिलोपार्जित जमिनीची वाटणी, यांतल्या प्रत्येक ठिकाणी कराचा प्रश्न उभा राहतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आज शिकायला सुरुवात करणारा विद्यार्थी नव्या कायद्याच्या पहिल्या पिढीत असेल, ही मोठी संधी आहे.

वाट कोणती?

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम. त्यासाठी राज्याची लॉ सीईटी, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट. मुंबईचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज आणि पुण्याचे आयएलएस या जुन्या, नावाजलेल्या संस्था आहेत. मग अखिल भारतीय बार परीक्षा.

दुसरी वाट सीएची. सीएला प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणापर्यंत पक्षकाराची बाजू मांडता येते. उच्च न्यायालयात मात्र वकीलच लागतो. मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजी येथे न्यायाधिकरणाची खंडपीठे आहेत. काही जण सीए आणि कायदा दोन्ही करतात, पण त्याची सक्ती नाही.

अमेरिकेत वकिलीसाठी पदवीनंतर तीन वर्षांची जेडी पदवी आणि राज्याची बार परीक्षा असा नेहमीचा मार्ग आहे. करविषयातली एक वर्षाची एलएलएम न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, जॉर्जटाउन, युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडा येथे करता येते. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारखी राज्ये परदेशी कायदा पदवीधरांना ठरावीक अटींवर बार परीक्षेला बसू देतात. मोठे शैक्षणिक कर्ज काढण्याआधी निवडलेला अभ्यासक्रम त्या अटींत बसतो का, हे लेखी विचारून घ्या. केवळ अमेरिकी करविषयात काम करायचे असेल, तर तिथल्या कर खात्याची तीन भागांची एनरोल्ड एजंट परीक्षा भारतीयांनाही देता येते. तो परवाना वकिलीचा नाही, पण सुरुवात म्हणून चांगला आहे.

पालकांसाठी

या क्षेत्रात पहिली काही वर्षे वरिष्ठांच्या हाताखाली फायली वाचण्यात जातात आणि कमाई बेताची असते. शेजारच्या मुलाचे पॅकेज ऐकून त्या काळात मुलाला टोचू नका. हा जम हळूहळू बसतो, आणि बसल्यावर अनुभवाची किंमत वयाबरोबर वाढत जाते. गणितात शंभर गुण हवेत असेही नाही. आकडेमोड शाळेतलीच असते, कस लागतो तो वाचनाचा.

एका गोष्टीबाबत मात्र घरातूनच कणखर व्हा. मालमत्तेच्या व्यवहारात काही रक्कम रोखीने घेऊन करारात कमी दाखवणारे लोक भेटतात. कायद्याने दिलेली सवलत घेणे हा नागरिकाचा हक्क आहे, व्यवहार लपवणे हा गुन्हा. ग्राहक गेला तरी चालेल पण अशा कागदाला हात लावणार नाही, हे म्हणण्याची ताकद मुलांना घरातच मिळते.

कल ओळखण्यासाठी महागडी चाचणी लागत नाही. आपल्या घराचे खरेदीखत मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या आणि एका रविवारी ते पूर्ण वाचायला सांगा. त्यात कुणी काय दिले, कोणत्या तारखेला, कोणत्या अटीवर, एखादी अट मोडली तर काय होईल, असे प्रश्न ती स्वतःहून विचारू लागली, तर या क्षेत्राचा निर्धास्तपणे विचार करा. कंटाळा आला तरी बिघडले काहीच नाही. वेळ आणि फी खर्च होण्याआधीच एक उत्तर हाती आले, आणि दुसऱ्या वाटांचा शोध त्याच दिवसापासून घेता येईल.