लशीविषयी लोकांचे प्रश्न

साथीच्या दिवसांत गावकरी जे प्रश्न दवाखान्यात विचारावयास संकोचतात, ते शाळेच्या ओट्यावर गुरुजींना सहज विचारतात. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोनाची लस टोचण्यास प्रारंभ झाला, तेव्हा हाच अनुभव आला. ते प्रश्न अडाणीपणाचे होते असे समजण्याचे कारण नाही.

पुष्कळांचा पहिला प्रश्न असे : इतर लशींस वर्षानुवर्षे लागतात, मग ही वर्षभरात कशी सिद्ध झाली? याचे उत्तर असे की, पाया आधीच घातलेला होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या कोविशील्डची पद्धती ऑक्सफर्ड विद्यापीठात इतर रोगांकरिता पूर्वीपासून अभ्यासली जात होती. चिंपांझीस सर्दी आणणारा एक विषाणू घ्यावयाचा, त्याची वाढण्याची शक्ती काढून टाकावयाची आणि त्याच्याकरवी करोनाच्या काटेरी आवरणाची ओळख शरीरास करून द्यावयाची, अशी ती पद्धती होय. शिवाय चाचण्यांचे टप्पे काही अंशी एकाच वेळी चालविले गेले. कोव्हॅक्सिनची गोष्ट निराळी. तीत मृत विषाणू वापरला आहे व ही रीत जुनीच आहे; परंतु ३ जानेवारी २०२१ रोजी तिला मर्यादित परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती आले नव्हते. पुढे ते आले व अनुकूल आले. तथापि त्या वेळी ज्यांनी शंका घेतली त्यांची शंका निराधार नव्हती, हे मान्य करण्यात शिक्षकाने कमीपणा मानू नये.

‘लस घेतलेलेही दवाखान्यात पडले, मग उपयोग काय?’ हा प्रश्न सर्वांत अवघड. आणि तो गणिताच्या तासाला घेण्याजोगा आहे. विषाणू शरीरात शिरूच नये असा पक्का बंदोबस्त या लशी करीत नाहीत. शत्रूची ओळख आगाऊ पटल्यामुळे दुखणे सहसा विकोपास जात नाही, एवढेच त्यांचे कार्य. पण ते लहान नव्हे. एक कल्पित गाव घ्या. १००० वस्तीपैकी ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी घेतली नाही. साथीत लस घेतलेले ९ व न घेतलेले ५ जण दवाखान्यात गेले. वरवर पाहता लस घेतलेलेच अधिक! परंतु मुलांस शेकडेवारी काढावयास सांगा : एकीकडे शेकडा १, दुसरीकडे शेकडा ५. पाचवीच्या मुलाने हे उदाहरण घरी सोडवून दाखविले, तर ते भाषणापेक्षा अधिक पटते.

आता अपायाविषयी. दंड दुखणे, एखादा दिवस ताप येणे हे नित्याचे. कोविशील्डसारख्या लशीनंतर रक्तात गुठळ्या होण्याचा गंभीर विकारही अत्यंत क्वचित आढळला आहे. हे लपवू नये. लपविल्याने काय होते, यापेक्षा उशिरा सांगितल्याने काय होते, याचा एक दाखला आपल्या मुंबईशी निगडित आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी तेथे लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी ती १०७ जणांना टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सर्व एकाच बाटलीतील लस मिळालेले होते. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ही गोष्ट नंतर पुढे आली. हाफकिन निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडले. म्हणजे, आमची माणसे कशाने गेली, या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास लोकांना पाच वर्षे थांबावे लागले. परळच्या त्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन यांचेच नाव देण्यात आले.